बंद रंग-रसायन कंपनीची पाच एकर जमीन पालिकेने घ्यावी का? भाव ठरायच्या आधी माती तपासा!

अनघा_कोपरखैरणे (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

शनिवारी संध्याकाळी आमच्या समाजमंदिरात नागरिकांची बैठक होती. पाण्याचा दाब, पार्किंग, भटकी कुत्री असे नेहमीचे विषय झाले आणि लोक उठायला लागले. तेवढ्यात शेवटचा विषय निघाला. रेल्वे लाईनच्या पलीकडे एमआयडीसीत रंगद्रव्यांचा कच्चा माल बनवणारी एक कंपनी होती, कित्येक वर्षं बंद आहे. तिची पाच एकर जमीन पालिका घेण्याच्या विचारात आहे. तिथे मैदान, बाग आणि एका कोपऱ्यात अग्निशमन केंद्र करायचं असं चाललंय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आपल्याकडे पाच एकर मोकळी जागा आता कुठे उरलीय?

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बोट दाखवण्यासाठी हा धागा नाही.

आज सकाळी नवऱ्याला घेऊन जागा बघायला गेले. मागची भिंत पडलेली आहे, तिथून आत जाता येतं. आत सगळीकडे टाकळा गुडघ्यापर्यंत वाढलाय. पण मधेच एक पट्टा आहे, साधारण बॅडमिंटन कोर्टाएवढा, तिथे गवताची काडीसुद्धा नाही. जमिनीवर वांगी रंगाची पापडी धरलीय. श्रावणात, मुंबईच्या पावसात, एखाद्या जागी काहीच उगवत नाही हे मी पहिल्यांदा पाहिलं. शेजारी डबकं होतं. पाणी कोऱ्या चहासारखं, वर तेलाची साय. आणि त्या डबक्यापासून दहा पावलांवर आठ-दहा पोरं क्रिकेट खेळत होती. चेंडू डबक्यात गेला. एका पोराने तो हाताने काढला, चड्डीला पुसला आणि बोलिंग टाकायला गेला.

मी शाळेत विज्ञान शिकवते. त्या पोराला "हात धू" म्हणाले. पण धुणार कुठे? तिथे नळ नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे. बैठकीत भाव काय, निधी कुठून आणायचा, बाग कधी होणार हे सगळं विचारलं गेलं. जमिनीच्या पोटात काय आहे हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही. ही जमीन पालिकेने घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण नाही घेतली तर ती पोरं तशीच तिथे खेळत राहतील. पण आधी माती आणि पाणी तपासा, तो अहवाल लोकांसमोर ठेवा, मग भावाचं बोला. माझं म्हणणं बरोबर आहे का? यातलं कळणारे इथे बरेच जण आहेत. कृपया सविस्तर लिहा. विषय सर्वसाधारण सभेपुढे जाण्याआधी आपल्याला लेखी निवेदन द्यायचं आहे.

---

ऐरोलीकर | रविवार, रात्री १०:१५

ताई, तळमळ कळते. पण तपासणीच्या नावाखाली विषय पाच वर्षं लांबला तर जमीन हातची जाईल. रबाळे-महापे पट्ट्यात आज भूखंड मोकळा झाला की डेटा सेंटरवाले उभेच असतात. पालिकेला पुन्हा अशी संधी यायची नाही.

दुसरं म्हणजे, कोपरखैरण्याचं निसर्ग उद्यान जुन्या डम्पिंग ग्राउंडवरच झालंय ना? लोक रोज सकाळी तिथे चालायला जातात. कचऱ्यावर माती टाकून बाग करता आली, तर इथे का नाही?

---

मृद्गंध | रविवार, रात्री ११:३०

मी भू-तांत्रिक कामात आहे. बोअर मारणं, मातीचे नमुने काढणं हेच रोजचं काम. म्हणून जरा लांबण लावतो.

ऐरोलीकर, निसर्ग उद्यानाखाली घरगुती कचरा आहे. तो कुजतो. त्यातून मिथेन निघतो, घाण पाणी झिरपतं. वर अभेद्य थर घालायचा, गॅस बाहेर काढायला पाइप ठेवायचे, पाणी गोळा करायचं, आणि वर्षागणिक तो ढीग शांत होत जातो. रसायनाची गोष्ट निराळी. क्रोमियम, शिसं, पारा हे धातू कुजत नाहीत. शंभर वर्षांनीही ते तिथेच असतात. आणि क्लोरोबेंझीनसारखे द्रावक पाण्यापेक्षा जड असतात. सांडले की पाण्यावर तरंगत नाहीत, खाली खाली उतरत जातात, कातळ लागेपर्यंत.

आता आपल्याकडचा कातळ कसा आहे ते बघा. वर भरावाची माती, मग मुरूम, खाली बेसाल्ट. बेसाल्टला भेगा असतात. पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी. सगळा उतार डोंगराकडून खाडीकडे. म्हणजे एमआयडीसीतल्या जमिनीत जे मुरतं ते ठाणे-बेलापूर रोडखालून, रेल्वेखालून आपल्या वसाहतींच्या दिशेने सरकतं. किती सरकलंय हे भेगा कुठे आहेत त्यावर अवलंबून. तेव्हा भूखंडाच्या भिंतीपाशी प्रदूषण थांबलं असेल हे धरून चालू नका.

आमच्या धंद्यात एक प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. नाव घेत नाही. पाच एकरांच्या जागेवर चार कोपऱ्यांतून दोन-दोन फुटांवरची माती घेतली, प्रयोगशाळेत दिली, "मर्यादेत" असा शेरा आला. चारही कोपरे बागेचे होते! कारखान्यात कोपऱ्यात कधी काही सांडत नाही. सांडतं ते रिअॅक्टरखाली, ड्रम ठेवायच्या फलाटावर, ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या) टाक्यांपाशी, गटाराच्या सांध्यांत.

म्हणून पहिलं पाऊल कागदांचं. जुना आराखडा, कोणत्या साली कुठली रसायनं येत होती, साठवण कुठे होती. त्यावरून बोअर कुठे मारायचे ते ठरतं. मग माती वेगवेगळ्या खोलीवरून काढायची आणि पाण्यासाठी निरीक्षण-विहिरी घ्यायच्या. पाण्याचे नमुने दोनदा लागतात, उन्हाळ्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. भूजल पावसाळ्यात अगदी वर येतं आणि मधल्या थरात अडकलेलं धुऊन नेतं. एकाच नमुन्यावर निकाल देणारा अहवाल आला तर तो परत पाठवा.

वेळेचं म्हणाल तर हे सगळं वर्षभरात होतं. पाच वर्षं लागत नाहीत.

आणि हा परिसर नव्याने बदनाम होतोय असंही नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. सत्तरच्या वर म्हणजे अतिगंभीर. नवी मुंबईला ७३.७७ होते. तेव्हाची रसायनं आज जमिनीत नसतील असं कशावरून?

---

ऐरोलीकर | सोमवार, सकाळी ८:०५

निसर्ग उद्यानाबद्दलचं पटलं, ती तुलना मागे घेतो. पण समजा, मालकाने जमीन कवडीमोलाने दिली, अगदी एक रुपयात, तर? वाचलेल्या पैशांतून पालिका सफाई करेल. तरी नाही म्हणणार?

---

अनघा_कोपरखैरणे | सोमवार, सकाळी ८:४०

एक रुपया म्हणालात म्हणून सांगते. हे अगदी असंच घडून गेलंय, अमेरिकेत नायगरा फॉल्स शहरात. लव्ह कॅनॉल नावाचा अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ पासून दहा-अकरा वर्षं एका रासायनिक कंपनीने त्यात सुमारे २१,००० टन घातक कचरा पुरला, वर माती लोटली. १९५३ मध्ये ती जमीन गावच्या शाळा मंडळाला विकली. किंमत एक डॉलर. खरेदीखतात कलम घातलं की खाली रासायनिक कचरा आहे आणि पुढे कुणाला इजा झाली तर कंपनी जबाबदार नाही. मंडळाने सही केली, शाळा बांधली, आजूबाजूला घरं झाली. पुढे पावसाळी वर्षांत तळघरांतून काळा राप वर यायला लागला, परसात ड्रम उघडे पडले. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली आणि शेकडो कुटुंबं उठवावी लागली.

मी शिक्षिका आहे. ती जमीन शाळेने घेतली होती हे मला विसरता येत नाही. त्या मंडळातले लोक काही वाईट नव्हते. त्यांना मुलांसाठी जागा हवी होती, जशी आपल्याला हवीय.

---

सातबारा | सोमवार, दुपारी २:२०

वकिली करतो, जमिनीचीच कामं जास्त. दोन-तीन गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात.

"विकत घेणार" हा शब्दच इथे चुकीचा आहे. एमआयडीसीतला भूखंड कंपनीच्या मालकीचा नसतो. तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. कंपनी विकणार ते उरलेल्या वर्षांचे भाडेपट्टा हक्क. त्याला एमआयडीसीची परवानगी लागते, हस्तांतरण शुल्क लागतं. शिवाय एमआयडीसी क्षेत्राचं नियोजन प्राधिकरण एमआयडीसी स्वतः आहे. पालिकेने आपल्या विकास आराखड्यात तिथे हिरवा रंग भरून भागत नाही. म्हणून निवेदनात पहिला प्रश्न हा टाका की, एमआयडीसीचं लेखी म्हणणं काय आहे? वापरात नसलेला भूखंड अटी मोडल्याबद्दल परत घ्यायचा मार्ग एमआयडीसीकडे आहे. तो वापरून सार्वजनिक कामासाठी जमीन पालिकेकडे आली, तर खासगी पट्टेदाराला इतका मोबदला कशासाठी द्यायचा?

दुसरं. महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ७७ खाली आयुक्त करार करून स्थावर मालमत्ता घेऊ शकतात, पण वरच्या मंजुऱ्या घेऊन. म्हणजे प्रस्तावाची टिपणी कागदावर येणार. त्या टिपणीला माती-पाण्याचा अहवाल जोडलेला असावा, ही मागणी अगदी नियमाला धरून आहे.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. कंपनी बंद आहे, म्हणजे बँकेचं कर्ज असण्याची शक्यता आहे. विक्री लिलावातून किंवा अवसायकामार्फत, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकायला नेमलेल्या माणसामार्फत, होत असेल तर जाहिरातीत एक ओळ हमखास असते, "जसे आहे, जिथे आहे, जे आहे या तत्त्वावर". घर घेताना आपण ती ओळ वाचून पुढे जातो. इथे तिचा अर्थ असा की जमिनीखाली जे काही आहे ते घेणाऱ्याच्या गळ्यात. अनघाताईंनी सांगितलेलं एक डॉलरवालं कलम आणि ही ओळ, दोन्ही एकाच जातीची.

कायदा आपल्या बाजूने आहे हेही सांगतो. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी गाव आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथे एच-अॅसिड (रंगांचा कच्चा माल) बनवणारे कारखाने चालले, तेही थोडाच काळ. पण जो गाळ उघड्यावर टाकला त्याने मैलोनमैल विहिरी नासल्या. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करायची, नुसती पीडितांची नाही तर जमीन पूर्ववत करण्याचीही. सफाईचा खर्च ३७.३८५ कोटी रुपये धरला गेला. कंपनीने वर्षानुवर्षं टाळलं, तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने तोच आकडा १२ टक्के चक्रवाढ व्याजाने वसूल करायला सांगितला. हा निकाल निवेदनात नावानिशी लिहा.

आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढलेत. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची. राज्याच्या प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची. जागा दूषित ठरली तर ते जाहीर करायचं, तिथे ये-जा बंद करायची, सफाईचा आराखडा करायचा आणि जबाबदार कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून घ्यायचा. जबाबदार सापडला नाही किंवा त्याची ऐपतच नसली तर केंद्र आणि राज्य खर्च उचलणार.

आता माझं मत. पालिकेने आज घाईने पट्टा आपल्या नावावर केला तर उद्या सगळे म्हणतील, जमीन तुमची, निस्तरा तुम्ही. आधी जागा या नियमांखाली नोंदवून घ्या. जबाबदारी कोणाची ते कागदावर येऊ दे. मग घ्या.

---

रबाळेकर | सोमवार, संध्याकाळी ७:००

मी विरोधात आहे, सरळ सांगतो. आपल्या कराच्या पैशातून दुसऱ्याची घाण साफ करायची नाही. खासगी कंपनीला घेऊ दे. माझी नोकरी अशाच व्यवहारांशी संबंधित आहे. परदेशी भांडवल असलेली कंपनी एमआयडीसीत जमीन घेते तेव्हा आधी पर्यावरणीय तपासणी करून घेते, दोन टप्प्यांत. पहिल्यात कागदपत्रं आणि पाहणी, दुसऱ्यात बोअर आणि प्रयोगशाळा. कर्ज देणारी बँकच मागते. माती वाईट निघाली तर भाव पडतो, किंवा विकणाऱ्याला सफाई करून द्यावी लागते. त्यांना आपला पैसा बुडवायचा नसतो, म्हणून ते नीट बघतात.

---

अनघा_कोपरखैरणे | सोमवार, संध्याकाळी ७:३५

रबाळेकर, तुमच्या प्रतिसादातच माझी मागणी आहे. खासगी कंपनी जी तपासणी केल्याशिवाय पाऊल टाकत नाही ती पालिकेनेही करावी. त्यांचा पैसा भागधारकांचा, आपला घरपट्टीचा. आपला स्वस्त आहे का?

खासगीकडे गेली तर पोरांना मैदान मिळणार नाही, हेही आहेच.

---

खाडीवरची | सोमवार, रात्री १०:५०

सगळं वाचलं. कधी लिहीत नाही, आज लिहिते.

मी गावठाणातली. तुम्ही ज्याला एमआयडीसी म्हणता तिथे आमच्या आज्याची भातशेती होती. साठच्या दशकात गेली. मोबदला किती मिळाला ते आता काढत नाही. पण जमीन देताना कोणी सांगितलं नव्हतं की पाणीही जाणार.

आमच्या घरामागे बाव आहे, दगडाने बांधलेली. मी पाच-सहा वर्षांची असताना आजी त्या पाण्यात डाळ शिजवायची. मग एका पावसाळ्यानंतर डाळ शिजेना. कितीही उकळली तरी दाणा दाणा राही, आणि भांड्याला पिवळी कड धरायची. आजी म्हणाली, "त्या बावीचा पानी पिव नको." त्यानंतर त्या बावीवर फक्त गाई-म्हशी धुतल्या. मग तेही बंद झालं. आज तिच्यावर लोखंडी जाळी आहे.

माझा बाप खाडीत जायचा. चिंबोऱ्या, निवट्या, कधी जिताडा. जिताडा मिळाला की घरात सण. मग मासळीला रॉकेलचा वास यायला लागला. बाजारात गिऱ्हाईक मासळी नाकाला लावून परत ठेवायचं आणि आई मान खाली घालून बसायची. बापाने होडी विकली तेव्हा मी नववीत होते. आता खाडी फ्लेमिंगोंसाठी अभयारण्य आहे, २०१५ पासून. २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. चांगलं झालं, मी त्या पक्ष्यांचे फोटो लेकीला दाखवते. पण त्याच खाडीला मिळणाऱ्या नाल्यांकडे, आमच्या बावींकडे कोणी बघितलं नाही.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. तपासणी करायची तर भिंतीच्या आत करून थांबू नका. मृद्गंध यांनी उताराचं सांगितलंय. त्या उतारावर आमची गावं आहेत. गावठाणातल्या जुन्या विहिरींचं पाणीही त्याच दिवशी, त्याच माणसांनी घ्यावं, आणि निकाल मराठीत ग्रामस्थांना द्यावा. निवेदनावर माझी सही घ्या. आमच्या आळीतून तीस-चाळीस सह्या मी आणते.

---

अनघा_कोपरखैरणे | सोमवार, रात्री ११:१०

ताई, डाळीचं वाचून गलबललं. निवेदनात तुमची मागणी सगळ्यात वर घालते. उद्या फोनवर बोलू.

---

मृद्गंध | मंगळवार, सकाळी ७:२०

खाडीवरची ताई म्हणतात ते शास्त्राला धरून आहे. जुन्या विहिरी म्हणजे आम्हाला आयत्या मिळालेल्या निरीक्षण-विहिरी. त्यांचं पाणी तपासलंच पाहिजे.

खर्चाचं कोणी बोललं नाही म्हणून साधा हिशेब मांडतो. पाच एकर म्हणजे साधारण २०,००० चौरस मीटर. सगळ्या जागेवरची दोन मीटर माती काढायची म्हटली तर ४०,००० घनमीटर. वजन सत्तर हजार टनांच्या घरात. सतरा टनांचा डम्पर धरला तर चार हजार खेपा. ही माती टाकायची कुठे? घातक कचऱ्याची केंद्रं आपल्याकडे महाप्याला आणि तळोज्याला आहेत, पण ती रोजच्या औद्योगिक कचऱ्यासाठी. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन कचरा २०२५च्या जानेवारीत पिथमपूरला नेला, तर बारा बंद कंटेनर, अडीचशे किलोमीटर रस्ता मोकळा केलेला आणि पोहोचल्यावर तिथल्या लोकांची आंदोलनं. तीनशे सदतीस टनांसाठी! आणि भोपाळच्या त्या आवारातली माती आणि भूजल याचा प्रश्न त्याने सुटलेला नाहीच.

म्हणून सगळी माती कोणी काढत नाही, काढूही नये. नेमक्या जागा शोधायच्या, तेवढंच खणायचं. बाकी ठिकाणी जागेवर उपचार. तेलकट हायड्रोकार्बन खाणारे जिवाणू आहेत, ते आपल्या देशातच विकसित झालेत. काही द्रावक जमिनीत ऑक्सिडंट सोडून मोडता येतात. उडून जाणारे वायू पंपाने ओढून कोळशातून गाळता येतात. दूषित पाणी उपसून शुद्ध करता येतं, पण त्याला वर्षं जातात. धातूंना सिमेंटसारख्या पदार्थात बांधून वर अभेद्य थर द्यायचा आणि तो थर कायम राखायचा. खोदकाम नोव्हेंबर ते मे याच काळात. पावसात खड्डा उघडा टाकणं म्हणजे विष नाल्यात सोडणं.

वापर काय करायचा यावरही सफाई ठरते. लहान मुलं माती हाताळतात, तोंडात घालतात, म्हणून मैदानाला कडक मर्यादा. बंदिस्त इमारतीत फरशीखालून रसायनांची वाफ वर येते, ती नाकाला कळतही नाही. अग्निशमन केंद्रात माणसं चोवीस तास झोपतात-उठतात, ते दूषित भागावर नको. तो भाग काँक्रीट करून एनएमएमटीच्या बसचा उघडा डेपो केला आणि स्वच्छ भागात मैदान केलं, तर खर्च कितीतरी उतरतो. हे माझं मत, आराखडा बोअरचे निकाल बघूनच करावा. असं काम नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने देशात बऱ्याच ठिकाणी केलंय, पालिकेने तिथून सुरुवात करावी.

कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. २००१ मध्ये बंद झाला. मातीत पारा. सफाईची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ठेवायची की त्याहून कडक, यावरच वर्षानुवर्षं वाद झाला, कारण आजूबाजूला जंगल आणि पाणलोट. तेव्हा "स्वच्छ" म्हणजे किती स्वच्छ, हा आकडा खरेदीच्या करारात आधी लिहिला पाहिजे.

---

रबाळेकर | मंगळवार, सकाळी ९:००

माझा विरोध कायम. पण पालिका घेणारच असेल तर एक अट घाला. किमतीतला मोठा हिस्सा विकणाऱ्याला लगेच द्यायचा नाही. तिसऱ्याच्या खात्यात ठेवायचा, सफाईचा खर्च त्यातून जायचा, उरलं तर त्याला. खासगी व्यवहारात हे सर्रास होतं.

---

सातबारा | मंगळवार, सकाळी ११:४५

रबाळेकरांची अट निवेदनात घ्याच.

माहिती अधिकाराचा अर्ज मी आज तयार करतो. प्रदूषण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय बेलापूरला रायगड भवनात आहे. मागायचं काय: कंपनीची सर्व संमतीपत्रं, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणं म्हणजे नमुना ४, आणि दरवर्षी सप्टेंबरअखेर भरायचं पर्यावरण विवरणपत्र म्हणजे नमुना ५. त्यात कच्चा माल किती, कचरा किती, कुठे पाठवला हे कंपनीने स्वतः लिहिलेलं असतं. ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

एक अडचण आहे. घातक कचऱ्याचे नियम देशात पहिल्यांदा १९८९ मध्ये आले. त्याआधी जे पुरलं त्याचा कागद कुठेच नसणार.

---

शिफ्ट_इन्चार्ज | मंगळवार, रात्री ९:१५

कागद नाही, पण माणसं आहेत. मी आहे.

अनघाताईंनी नाव लिहिलं नाही, पण वांगी पापडीवरून मी जागा ओळखली. त्या कंपनीत १९८३ ला ऑपरेटर म्हणून लागलो, शिफ्ट इन्चार्ज म्हणून बाहेर पडलो. आमच्याकडेही एच-अॅसिड व्हायचं. नॅप्थलीनपासून सुरुवात, मग सल्फोनेशन, नायट्रेशन, आणि रिडक्शनला लोखंडाची भुकटी. रिडक्शन झालं की फिल्टर प्रेसमधून काळा चिखल निघायचा, आम्ही त्याला आयर्न स्लज म्हणायचो. गरम, जड. फावड्याने ओढून ढकलगाडीत भरायचा. रोज टनांनी निघायचा.

रंग अंगात मुरायचा. कंपनीत दोनदा आंघोळ करून घरी गेलो तरी झोपेत घाम आला की उशीच्या अभ्र्यावर डाग पडायचा. बायकोने माझे अभ्रे वेगळे ठेवले होते, पोरांच्या कपड्यांत मिसळायची नाही. तिला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या बरोबरचे दोघे मूत्राशयाच्या कॅन्सरने गेले. कशामुळे ते मी सांगू शकत नाही, मी डॉक्टर नाही. पण ते दोघे पॅकिंगला होते, पावडर त्यांच्या नाकातोंडात जायची, हे मी पाहिलेलं आहे.

आता पुरण्याबद्दल. ८९ च्या आधी स्लज आवारातच टाकायचो. साहेब सांगायचे, आम्ही टाकायचो. तेव्हा त्यात चूक वाटली नाही, सखल जागा होती, भराव होतोय असंच वाटायचं. परवा तुम्ही लिहिलेलं पोराचं वाचलं आणि दोन दिवस जेवण गेलं नाही. त्या भरावावर मीही फावडं मारलेलं आहे.

तुमचा गवत नसलेला पट्टा म्हणजे जुना ड्रम यार्ड. तिथे सांडलवंड झाली, पण माझ्या मते खोल काही नाही. खरी जागा दुसरी आहे. मृद्गंध साहेब, हे लिहून घ्या. बॉयलर हाऊस पाडलंय, पण चिमणीचा चौथरा असेल. त्या चौथऱ्यापासून खाडीच्या दिशेने साधारण चाळीस पावलं. तिथे खड्डा होता, पोकलेनने खणलेला, दोन माणसं उभी राहतील एवढा खोल. त्यात स्लज गेलाच, पण दोन पावसाळे क्लोरोबेंझीनचे गळके ड्रमही गेले. किती ते मोजले नाहीत, शंभराच्या आसपास असावेत. वर मुरूम टाकला आणि नंतर सायकल स्टँड केला. पत्रे गेले असतील, पण स्टँडचे खांब सिमेंटमध्ये रोवले होते, त्यांचे बुंधे सापडतील.

दुसरी जागा कँटीनमागे, लहान आहे. ती दाखवल्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक. कंपनी बंद झाली तेव्हा आमच्यापैकी कितीतरी जणांची देणी राहिली, ग्रॅच्युइटीसकट. जमिनीचे पैसे येणार असतील तर कामगारांचं आधी बघा, हेही निवेदनात घ्या.

---

मृद्गंध | मंगळवार, रात्री ९:४०

काका, तुम्ही जे लिहिलंत ते लाखो रुपयांच्या सर्वेक्षणातही हाती लागलं नसतं. कँटीनमागचं झालं तसं पॅकिंग, ईटीपी, जुनी गटारं यांचाही कच्चा नकाशा काढाल का? कागदावर पेनने चालेल. फोटो काढून पाठवा.

---

शिफ्ट_इन्चार्ज | मंगळवार, रात्री १०:३०

नकाशा काढायला बसलोय, नातू मदतीला आहे. पण चाळीस पावलं कुठून मोजायची ते जागेवर उभं राहूनच सांगता येईल. सातबारा साहेब, आत जायची रीतसर परवानगी मिळते का बघा, भिंत ओलांडणं मला आता जमायचं नाही, गुडघे गेलेत.

---

सातबारा | मंगळवार, रात्री १०:४५

परवानगीचं पत्र उद्याच देतो, पालिका आणि एमआयडीसी दोघांना. अधिकाऱ्यांसोबत संयुक्त पाहणी मागतो, म्हणजे काका दाखवतील त्याचा पंचनामा होईल.

---

खाडीवरची | मंगळवार, रात्री ११:००

मी येणार. आमच्या बावीचं पाणी दोन बाटल्यांत भरून आणू का?

---

मृद्गंध | मंगळवार, रात्री ११:०५

नको ताई, घरच्या बाटलीतलं पाणी प्रयोगशाळा धरत नाही. काचेच्या खास बाटल्या मी आणतो, तुमच्यासमोर भरू.

---

शिफ्ट_इन्चार्ज | मंगळवार, रात्री ११:२०

येताना सगळ्यांनी गमबूट घाला, चप्पल नको. आणि अनघाताई, तोवर त्या पोरांना कोणीतरी सांगा. ड्रम यार्डाच्या बाजूला खेळू नका म्हणावं. गेटजवळची जागा, जिथे पूर्वी टाइम ऑफिस होतं, तिथे कधी काही सांडलेलं नाही.